बिबड्यांवरचा पाय आणि स्लॅबमधले बोल्ट

पत्र:

ताई, जळगावात आमची चार मजली इमारत आहे, सोळा फ्लॅट. सोसायटी रजिस्टर झालेली आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, फ्लॅटचं तोंड उत्तरेला. सात वर्षांपासून गच्चीवर माझी फ्री डिशची छत्री आहे. आता वर एकूण तेरा छत्र्या झाल्यात. चौथ्या मजल्यावरचे आप्पा आमचे चेअरमन. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आली, तेव्हापासून त्यांचा छत्र्यांवर राग. गच्चीला कुलूप लावलं, किल्ली त्यांच्याच घरी. ‘सर्वांनी छत्र्या आपापल्या बाल्कनीत घ्याव्यात’ अशी नोटीस खाली फळ्यावर लावली. माझ्या बाल्कनीत सिग्नल लागत नाही, दोन मेकॅनिक बघून गेले. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी कुणीतरी माझी वायर कापली. फक्त माझीच. आई ८२ वर्षांची आहे, सकाळी सह्याद्री लावून बसायची, आता नुसती बसते. आप्पा म्हणतात, मोबाइलवर दाखवा. छत्री लावताना त्या पोरानं स्लॅबमध्ये चार बोल्ट ठोकले होते, पण ते तर तेराही जणांनी ठोकलेत. वायर कापली त्याच्या आठवडाभर आधी छत्री हलली म्हणून मेकॅनिकला वर पाठवलं होतं. त्याचा पाय आप्पांच्या सूनबाईनं तिथे वाळत घातलेल्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर पडला, थोडी बोलाचाली झाली, पण ते वेगळं. गच्ची सगळ्यांची असते की चेअरमनची? पोलिसांत जाऊ की कोर्टात?
— दुसऱ्या मजल्यावरचा, जळगाव

उत्तर:

दादा, तुमच्या पत्रातले ‘पण ते वेगळं’ हे तीन शब्द मी दोनदा वाचले. ते वेगळं नाही हो. ज्वारी भिजवायची, भरडायची, पहाटे उठून मोठ्या पातेल्यात हाटत शिजवायची, ऊन चढायच्या आत जुन्या साडीवर एकेक पळी पसरायची. घरातल्या दोन-तीन बायकांचे दोन-तीन दिवस त्यात जातात. त्यावर बुटाचा पाय पडला आणि तुम्ही त्याला ‘थोडी बोलाचाली’ म्हणता. वायर कुणी कापली ते मला ठाऊक नाही आणि पुराव्याशिवाय मी आप्पांचं नाव घेणार नाही, तुम्हीही चारचौघांत घेऊ नका. पण तेरा वायरींमधून नेमकी तुमचीच का कापली गेली, याचं उत्तर त्या साडीवर आहे असं मला वाटतं.

तरीही तुमचा प्रश्न हक्काचा आहे, तर आधी हक्काचं बोलू. मी धुळ्याची. पंचवीस वर्षं गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे गच्चीच्या भांडणांच्या फायली पुष्कळ पाहिल्यात.

गच्ची चेअरमनची नसते. चौथ्या मजल्यावर राहतो त्याचीही नसते, बिल्डरनं तोंडी काहीही सांगितलेलं असो. नोंदणी झालेल्या सोसायटीत इमारतीची माथ्यावरची गच्ची सामाईक असते, सोळाही घरांची. अपवाद एवढाच, की मंजूर नकाशात एखाद्या फ्लॅटला लागून असलेली उघडी टेरेस त्या फ्लॅटसोबतच दाखवलेली असली आणि खरेदीखतातही तसं लिहिलेलं असलं. म्हणून पहिलं काम, सेक्रेटरींकडून नकाशाची आणि तुमच्या कपाटातून खरेदीखताची प्रत काढा. तुमची सोसायटी आहे म्हणून काम सोपं आहे. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, काढून वाचावं लागतं. त्या कायद्यातही छत सामाईक भागांतच धरलेलं आहे, मात्र त्या डीडमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर.

आता याची दुसरी बाजू. सोळा घरांची गच्ची म्हणजे तुमच्या एकट्याचीही नव्हे. ‘माझा सोळावा हिस्सा आहे, मी माझ्या हिश्श्यात बोल्ट ठोकले’ असा हिशेब सामाईक जागेत चालत नाही. छत्री लावायचा म्हणून काही वेगळा हक्क सोसायटीच्या कायद्यात शोधायला जाऊ नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली आणि घरोघर छत्र्या दिसू लागल्या त्या २००३-०४ नंतर. म्हणून सगळी भिस्त उपविधींवर, म्हणजे सोसायटीच्या लेखी नियमांवर, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावावर. तुम्ही सात वर्षांपूर्वी अर्ज दिला होता का? समितीनं होकार लिहून दिला होता का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, तेव्हा नसावा. आप्पांनीही फळ्यावर नोटीस लावण्याआधी सभा घेतलेली दिसत नाही. म्हणजे दोघेही बिनठरावाचे. कुलूप, कापलेली वायर आणि बिनपरवान्याची छत्री, कागदोपत्री यातलं काहीच उभं राहत नाही.

आमचं आजोळ पारोळ्याकडचं. मातीच्या धाब्याचं घर. उन्हाळ्यात रात्री सगळी अंथरुणं धाब्यावर. दिवसा कुणी धाब्यावर चढायचं असेल तर शिडीला हात लावण्याआधी खालून हाळी द्यायची अशी आजीची सक्त ताकीद होती, कारण वरून शेजारच्या तीन अंगणांत सरळ नजर जायची. हाळी न देता कुणी चढलं की पलीकडून आवाज यायचाच, “कोन शे रे वर?” काँक्रीटच्या गच्चीवर शिडी गेली आणि जिना आला, हाळी तेवढी राहून गेली. वैशाखात जळगावचा पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा सकाळी त्या गच्चीवर वाळवण आणि रात्री माणसं झोपलेली असतात. मेकॅनिकला वर पाठवण्याआधी एक निरोप चौथ्या मजल्यावर द्यायला हवा होता.

आता बाल्कनीचं. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते सभेत कसं मांडायचं ते सांगते, कारण ‘मेकॅनिक म्हणाला’ याला कुणी विचारत नाही. डीटीएचचे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, जळगाव साधारण २१ अंशांवर. म्हणजे आपल्याला ते दक्षिणेकडच्या आकाशातच दिसणार. आपल्याकडच्या कंपन्यांचे उपग्रह ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांदरम्यान आहेत आणि जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास. म्हणून गावातल्या सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे मान करून उभ्या दिसतात, काही जरा दक्षिणेला, काही जरा पूर्वेला. फ्री डिश ज्यावर आहे तो जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर. जळगावातून पाहिलं तर मोबाइलच्या होकायंत्रावर साधारण १३८ अंश, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर. तुमच्या उत्तरेकडच्या बाल्कनीतून त्या दिशेला तुमचीच पूर्ण इमारत आडवी येते. वायर बदला, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) बदला, भिंतीतून सिग्नल येणार नाही.

सभेत होकायंत्र पटलं नाही तर एक साधी खूण सांगा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य त्या उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि काही मिनिटं चित्र फुटतं. आपल्याकडे फ्री डिशवर हे सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास होतं. त्या दिवसांत त्या वेळी ज्या बाल्कनीत ऊन पडतं तिथेच ही छत्री चालते. तुमच्या बाल्कनीत तेव्हा सावली असते, हे तुमच्या शेजाऱ्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. याच मापानं बघितलं तर दक्षिण आणि पूर्वेच्या बाल्कनीवाल्यांच्या काही छत्र्या खरोखरच खाली येऊ शकतात. म्हणजे आप्पांची नोटीस निम्म्या घरांसाठी बरोबर आहे, उरलेल्यांना मात्र ती पाळताच येत नाही.

मोबाइलवर दाखवा म्हणणं मला आवडलं नाही. ८२ व्या वर्षी हातातल्या पाच-सहा इंची काचेत कीर्तन बघायला सांगणाऱ्यानं आधी आपल्या आईला विचारावं. केबल किंवा फायबरचं कनेक्शन हा पर्याय मात्र झटकून टाकू नका, त्याला गच्ची लागत नाही. फक्त दर महिन्याचं भाडं लागतं. फ्री डिशला एकदा डबा-छत्री घेतली की महिन्याला काही द्यावं लागत नाही, पेन्शनच्या घरात हा फरक लहान नाही.

आता त्या बोल्टांकडे येते. ‘तेराही जणांनी ठोकलेत’ हे तुम्ही स्वतःच्या बचावात लिहिलंय. मी ते आप्पांच्या बाजूनं वाचलं. तेरा छत्र्या, चार-चार बोल्ट, म्हणजे ५२ भोकं. गच्चीच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, वर घोटलेला सिमेंटचा थर. पाणी अडवायचं काम तोच करतो. ड्रिलचं टोक त्याच्यातून आरपार जातं. मग दिवसा तापून फुगणारा आणि रात्री आकसणारा स्लॅब, गंजून जाड होणारा बोल्ट, आणि वाऱ्यानं हलणारी छत्री. भोकाभोवती केसासारखी चीर पडायला दोन उन्हाळे पुरतात. वारा ताशी ८० किलोमीटरचा असेल तर दोन फुटी छत्रीवर साधारण दहा किलोचा रेटा बसतो, आणि तो रेटा चार बोल्ट मुळातून हलवत राहतो. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमची स्वतःची छत्री एका वैशाखातल्या वावटळीत उडून खालच्या एका स्कूटरवर पडली. सीट फाटली, आरसा गेला, आणि मी हिशेब तपासणारी बाई असूनही पैसे देताना दोन दिवस घासाघीस केली. अजून लाज वाटते.

तर पाऊस लागायच्या आत हे करा. आप्पांच्या घरी जा आणि ‘तुमची ओल बघायला आलोय’ म्हणा. छत्रीचा विषय काढू नका. वर मान करून ती ओल नीट बघा, फोटो घ्या. बहुधा ते हा खर्च स्वतःच्या खिशातून करत असणार आणि म्हणूनच इतके चिडलेले असणार. इथे तुमच्या हातात त्यांना देण्यासारखं काहीतरी आहे. तुमच्या सोसायटीनं आदर्श उपविधी घेतले असतील, आणि बहुतेक सोसायट्यांनी तेच घेतलेले असतात, तर गच्ची आणि कठड्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं करायची असते. एवढंच नाही, गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीच्याच खर्चात येतं. त्यासाठी दुरुस्ती निधी गोळा करायचा असतो, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के. समजा तुमची इमारत बांधायला ८० लाख लागले असतील, तर वर्षाला ६० हजार, प्रत्येक घरामागे ३,७५० रुपये, महिन्याला तीनशेच्या थोडे वर. तुमच्याकडे हा निधी जमतो का? मला शंका आहे. छोट्या इमारतींत पाणी, दिवा आणि झाडूवाली एवढ्यावरच मेंटेनन्स संपतो, आणि मग वरच्या मजल्यावरचा माणूस पावसाळा आला की एकटा पडतो. चेअरमन असून आप्पांना हे कलम माहीत नसेल तर नवल नाही. हे माहीत नसलेले कितीतरी चेअरमन मला भेटलेत.

ओल नक्की कुणाच्या बोल्टाखालची, हेही शोधता येतं. अख्ख्या गच्चीत पाणी कोंडून ठेवायचं म्हटलं तर मे महिन्यात आपल्याकडे लोक मारायला उठतील. त्यापेक्षा आप्पांच्या बेडरूमच्या वर येणाऱ्या बोल्टांभोवती, रोपाला करतो तसं सिमेंटचं वीतभर आळं करा, त्यात दोन बोटं पाणी भरा आणि दोन दिवस खालून बघा. बादलीभर पाण्यात काम होतं. तुमचेच बोल्ट निघाले तर आप्पांनी विचारायची वाट पाहू नका, त्या दुरुस्तीतला तुमचा वाटा तिथल्या तिथे कबूल करा. सभासदानं केलेल्या कामामुळे नुकसान झालं तर सोसायटी ते पैसे त्याच्याकडून मागू शकते, म्हणजे द्यावे तर लागतीलच.

गच्चीवर गेलात की तेरा छत्र्यांमध्ये जिवंत किती आहेत तेही मोजा. वायर धरून खाली कुठे जाते ते बघायचं. भाडेकरू गेला, छत्री राहिली. फायबर आलं, छत्री राहिली, असं प्रत्येक इमारतीत असतं. आमच्या गल्लीत एकानं अशा बेवारशी छत्रीत पाणी भरून चिमण्यांसाठी ठेवलंय, तेवढाच तिचा उपयोग. मेलेल्या छत्र्या उतरवून बोल्टांची भोकं बुजवली की अर्धी गर्दी कमी होईल. उरलेल्यांत एकाच कंपनीची घरं असतील तर त्यांना मिळून एकच छत्री पुरते. चार तोंडांची, आठ तोंडांची एलएनबी बाजारात मिळते, एका छत्रीवरून तेवढ्या घरांना वायरी जातात. वेगळ्या कंपन्यांचे उपग्रह वेगळे, म्हणून सगळ्या इमारतीला एकच छत्री हे मात्र होणार नाही, सभेत कुणी तसं म्हणालं तर वेळ घालवू नका.

सभा आप्पा बोलावतील तर उत्तम. नाही बोलावली तर एक पंचमांश सभासदांच्या सहीनं विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करता येते. सोळात चार सह्या पुरतात. मागणी मिळाल्यावर महिनाभरात समितीनं सभा घ्यायची आणि तिची नोटीस किमान पाच पूर्ण दिवस आधी द्यायची. विषय नोटिशीत लिहून आला पाहिजे, ‘आयत्या वेळचे विषय’ यात घुसवू नका, तसा ठराव पुढे टिकत नाही.

ठराव साधारण असा असू द्या: “इमारतीच्या गच्चीवर छत्री बसवण्यासाठी पूर्वेकडील कठड्यालगतची जागा ठरवण्यात येत आहे. छत्री कठड्याला क्लॅम्पने बसवलेल्या लोखंडी पाइपवर किंवा वजनदार काँक्रीट ठोकळ्यावर बसवावी, स्लॅबला भोक पाडू नये. वायर डक्टमधून न्यावी. वापरात नसलेल्या छत्र्या संबंधितांनी १५ दिवसांत काढाव्यात, न काढल्यास संस्था खर्च वसूल करून काढेल. जुन्या बोल्टांची भोकं व चौथ्या मजल्यावरील छताची दुरुस्ती संस्थेच्या दुरुस्ती निधीतून करावी. गच्चीची एक किल्ली सेक्रेटरींकडे व एक पहिल्या मजल्यावर राहील. मेकॅनिकला वर नेण्याआधी चौथ्या मजल्यावर कळवावे.” कठडा पोकळ विटांचा किंवा तडे गेलेला असेल तर पाइपऐवजी ठोकळाच घ्या. किल्ली एकाच्याच घरी राहू देऊ नका, टाकी वर आहे आणि आग लागली तर लोक वरच धावतील.

आता पोलीस आणि कोर्ट. दुसऱ्याची वायर मुद्दाम कापणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेत तो कलम ३२४ खाली येतो. पण दोनशे-चारशे रुपयांच्या वायरीसाठी ठाण्यात गेलात तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील, कागद हातात देतील, आणि संध्याकाळी जिन्यात आप्पांची सूनबाई तुमच्या आईशी बोलणं बंद करेल. सभा घेतलीच नाही, किंवा ठराव होऊनही कुलूप निघालं नाही, तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात लेखी तक्रार द्या. सहकार न्यायालय कलम ९१ खाली आहे, दारं उघडी आहेत, पण तिथे तारखांचा हिशेब वर्षांत करावा लागतो. आईंचं वय लक्षात घेता मी ती वाट शेवटची धरेन.

बिबड्यांचे पैसे देऊ करू नका, अपमान वाटेल. घरच्या बाईमाणसानं वर जाऊन सूनबाईला दोन शब्द बोलावे, आणि पुढच्या वर्षी वाळवणाच्या दिवसांत त्यांचं आवरल्यावरच मेकॅनिक बोलवावा. कापलेली वायर चिकटपट्टीनं जोडून वेळ मारून नेऊ नका, पहिल्याच पावसात जोडात पाणी शिरेल. नवी आरजी-६ वायर एकसलग टाका. आणि आप्पांच्या छताचं काम निघालं की गवंड्याची पावती सोसायटीच्या नावावर घ्या. आप्पांच्या नावावर असली तर पुढच्या वर्षी माझ्यासारखी कुणीतरी हिशेब तपासताना तो खर्च लाल शाईनं बाजूला काढेल.